आधी कागद, मग गिऱ्हाईक

(सोलापुरात वसंत व्याख्यानमालेत घर-जागेच्या मध्यस्थांपुढे दिलेलं व्याख्यान)



समोर बसलेल्यांत निम्म्याहून जास्त मंडळी इस्टेट एजंट आहेत असं आयोजकांनी सांगितलं, तेव्हा थेट तुमच्याशीच बोलतो. माझा व्यवसाय वकिलीचा. खरेदीखतं लिहायची, शोध अहवाल द्यायचे, हे रोजचं काम. त्या टेबलावरून जे दिसतं ते सांगतो. सोलापुरात गिऱ्हाईक नाही म्हणून पडून राहिलेली घरं थोडी. बहुतेक वेळा गिऱ्हाईक येतं, घर पसंत पडतं, विसारही होतो. मग घेणाऱ्याचा वकील कागद मागतो आणि व्यवहार सहा-सहा महिने लोंबकळतो. कंटाळून तो दुसरीकडे जातो, आणि ‘त्या घरात काहीतरी भानगड आहे’ ही बातमी पेठभर होते. पुढचं गिऱ्हाईक पाडून मागतं. म्हणून माझी विनंती अशी की, घराचे फोटो व्हॉट्सॲपवर टाकण्याआधी मालमत्ता पत्रक हातात घ्या आणि त्यावर कोणाचं नाव आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.

साखर पेठ, भवानी पेठ, उत्तर कसबा इथल्या जुन्या घरांच्या सिटी सर्व्हे उताऱ्यावर आजही आजोबांचं नाव सापडतं. आजोबा जाऊन तीस वर्षं झालेली असतात. वारस नोंदीसाठी अर्ज, मृत्यूचे दाखले, वारसांचं प्रतिज्ञापत्र लागतं. नोटीस निघते, हरकतीची मुदत जाते, मग नाव लागतं. एका पिढीची नोंद राहिली असेल तर निभतं, दोन पिढ्यांची राहिली असेल तर वर्ष हातचं जातं. हे काम विक्री ठरल्यावर सुरू करायचं नसतं.

यातला सर्वांत नाजूक भाग बहिणींचा आहे आणि त्यावर मी जरा थांबणार आहे. एका दुमजली घराचा व्यवहार माझ्याकडे आला होता. घरात दोघे भाऊ, एक बहीण गुलबर्ग्याला दिलेली, दुसरी हैदराबादला. सोलापूरचं सोयरेपण असंच तीन राज्यांत पसरलेलं. एजंटने विचारलं, ‘बहिणींचं काय?’ थोरले म्हणाले, ‘त्यांचं काही म्हणणं नाही, सही करतील.’ एजंट जुना आणि जाणता. त्याने तिथेच गुलबर्ग्याच्या ताईंना फोन लावायला लावला. ताई म्हणाल्या, ‘अण्णा, तू तोंडाने मागितलं असतंस तर मी सोडलंही असतं. पण माझ्या माहेरच्या घराची जाहिरात मला जावयांच्या मोबाईलवर बघायला लागावी?’ त्या एजंटने जाहिरात त्याच दिवशी काढून टाकली आणि पुढच्या रविवारी भावाला घेऊन गुलबर्गा गाठलं. किंमत काय येईल, खर्च काय, वाटणीला किती, सगळं कागदावर मांडून दाखवलं. खरेदीखतात दोघी बहिणी लिहून देणार म्हणून आल्या आणि त्यांच्या हिश्शाचे चेक थेट त्यांच्याच नावाने निघाले. व्यवहाराला थोडा उशीर झाला, पण त्यानंतर कोणी कोर्टाची पायरी चढलं नाही.

हिंदू उत्तराधिकार कायद्याने वडिलांच्या स्वकष्टार्जित घरात मुलीला १९५६ पासून मुलाइतकाच वाटा आहे. वडील मृत्युपत्र न करता गेले असतील तर तो आपोआप पोचतो, आईचाही पोचतो. फक्त, घरात भाऊ एकत्र राहत असतील तर बहिणीला राहत्या घराचं वाटप मागता येत नसे. ती अट २००५ च्या दुरुस्तीने गेली. वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी जन्मानेच सहदायाद आहे, त्यासाठी वडील २००५ मध्ये हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. मुस्लिम घरांत वाटे शरियतप्रमाणे ठरतात, तिथेही मुलीचा हिस्सा नेमलेला आहे. उताऱ्यावर तिचं नाव नाही म्हणून तिचा हक्क बुडत नाही. ती नोंद महसुलासाठी असते, मालकी तिच्यावरून ठरत नाही. आणि नोटरीपुढे लिहून घेतलेल्या कागदाने घरावरचा हक्क सुटत नाही. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकापुढे नोंदवलेलंच हवं. माझं मत विचाराल तर, घर लगेच विकायचंच असेल तेव्हा हक्कसोडपत्राच्या वाटेला जाऊच नये. बहिणीला सरळ विकणाऱ्यांत घ्यावं. तिला किंमत कळते आणि घेणाराही निर्धास्त होतो. सणाला आलेल्या बहिणीची घाईगर्दीत सही घ्यायची, हा प्रकार तुमच्या समोर चालला असेल तर तो तुम्ही थांबवा. तेवढा अधिकार मध्यस्थाला असतो.

मुलं पुण्याला किंवा परदेशात असतात, मग कुलमुखत्यारपत्र येतं. ते देणारा आज हयात आहे ना, हे आधी विचारा. तो गेला की मुखत्यारपत्र संपलं. परदेशातून आलेल्या पत्रावर ते राज्यात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक भरावा लागतो. मुखत्यारपत्रावरच घर ‘विकत घेतलेला’ कोणी भेटला तर सावध व्हा. अशा कागदाने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगितलेलं आहे.

हद्दवाढ भागात, म्हणजे जुळे सोलापूर, सैफुल, शेळगी, बाळे या बाजूला वारसांचा गुंता कमी, पण बांधकामाचा जास्त. मंजूर नकाशात एक मजला आणि जागेवर दोन. ले-आउट मंजूर आहे की प्लॉट गुंठेवारीचा? भोगवटा प्रमाणपत्र आहे का? घेणाऱ्याची बँक हे विचारणारच, तर तुम्ही आधी विचारा. कुंभारीच्या कामगार वसाहतींची गोष्ट आणखी वेगळी. रे नगरमधल्या १५ हजार घरांच्या किल्ल्या जानेवारी २०२४ मध्ये कामगारांना मिळाल्या. अशा घरात वाटपाच्या अटी वाचल्याशिवाय तिसऱ्या माणसाला पाऊलही ठेवू देऊ नका. विडी वळून, माग चालवून मिळालेलं ते छप्पर आहे.

घरावर कर्ज असेल तर बँकेकडून बाकीचं पत्र आणि तारणातल्या मूळ कागदांची यादी आधीच आणवा. कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे आणि चूक बँकेची असेल तर उशिराबद्दल दिवसाला ५,००० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. पुष्कळ घरमालकांना हे ठाऊकच नसतं.

आता भाव. घर आपल्याकडे यावं म्हणून मालकाला फुगवलेला आकडा सांगायची रीत आपल्या गावात बोकाळली आहे. साठ म्हणायचं आणि वर्षभराने अठ्ठेचाळीसवर आणायचं. त्या वर्षात म्हातारा-म्हातारीने पुण्याचा फ्लॅट बुक केलेला असतो. त्यापेक्षा त्याच गल्लीत अलीकडे झालेल्या खरेदीखतांची सूची २ काढा, रेडीरेकनरचा दर काढा, घराचं वय, तोंड, रस्त्याची रुंदी धरा आणि मालकापुढे ठेवा. सूचीतला आकडा नेहमी पूर्ण असतो असं नाही, पण पाया मिळतो. रोख घेण्याच्या मोहातून मालकाला वाचवा. जागेच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेतली तर घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो, आणि विसारही त्यात आला. विसार पावतीवर पूर्ण किंमत, खरेदीची तारीख, कोणते कागद कोणी कधी द्यायचे आणि कोणी माघार घेतली तर पैशाचं काय, एवढं लिहा. ‘ठरल्याप्रमाणे’ हा शब्द तिथे नको.

घर दाखवण्याविषयी थोडं. सोलापूरकर घर बघायला आला की हॉलच्या फरशीआधी पाण्याचं विचारतो. उजनीवर एवढी मोठी योजना असूनही नळ किती दिवसांआड येतो, याभोवती आपल्या गावाचं वेळापत्रक फिरतं. तेव्हा तुमच्या वहीत त्या घराचं पाणी लिहिलेलं असावं: नळाचा वार आणि वेळ, हौद किती लिटरचा, गच्चीवरची टाकी किती, बोअर किती फूट आणि मे महिन्यात चालू असतं का. हे घरमालकिणीला विचारा, मालकाला बहुधा ठाऊक नसतं. शक्य असेल तर गिऱ्हाईकाला नळाच्या दिवशीच न्या आणि तोटी सोडून दाखवा. उन्हाळ्यात घर सकाळी दाखवावं, हे खरं. पण वरच्या मजल्याची पश्चिमेची खोली दुपारी कशी तापते ते लपवू नका. राहायला आल्यावर ते कळणारच आहे, आणि त्याचा मेव्हणा पुढच्या वर्षी तुमच्याकडेच घर शोधायला येणार आहे. भिंतीची ओल रंगाखाली झाकण्यापेक्षा गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून पावती दाखवली तर मालकाला जास्त पैसे मिळतात.

नोंदणीचं सांगायला हवं. नव्या प्रकल्पातलं घर विकायला महारेराची एजंट नोंदणी लागते, आता प्रशिक्षण आणि परीक्षाही आहे. तयार, जुन्या घराच्या फेरविक्रीला ती लागत नाही, म्हणून बरेच जण तिकडे फिरकत नाहीत. मी म्हणेन, तरीही परीक्षा द्या. त्यातला अभ्यास जुन्या घरांनाही लागू पडतो.

शेवटी कर, कारण तो खरेदीखतानंतर आठवतो. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर घेणाऱ्याने १ टक्का कापून सरकारात भरायचा असतो. विकणारा परदेशस्थ असेल तर नियम निराळा आणि कपात पुष्कळ मोठी, ते आधीच कळवा. दोन वर्षांहून जास्त काळ ठेवलेल्या घराच्या नफ्यावर २३ जुलै २०२४ पासून दर १२.५ टक्के आहे. त्याआधी घेतलेल्या घराला, मालक इथलाच रहिवासी असेल तर, महागाई निर्देशांक धरून २० टक्क्यांचा पर्याय मिळतो. दोन वर्षांत दुसरं घर घेतलं, किंवा तीन वर्षांत बांधलं, तर त्या नफ्यावर सवलत आहे. हा हिशेब मालकाच्या सीएकडून विसाराआधी करून घ्या. दस्त झाल्यावर महापालिकेच्या कर आकारणीत, नळजोडात आणि महावितरणच्या मीटरवर नाव बदलायचे अर्ज त्याच आठवड्यात भरून द्या. विकून पुण्याला गेलेल्या माणसाच्या नावाने दोन वर्षांनी थकबाकीची नोटीस निघते, आणि तो फोन तुम्हालाच करतो.