गाडी तापते कधी?
वर्सोवा पुलाजवळच्या कोंडीत गाडी रांगत असताना तापमानाचा काटा लाल रेषेकडे सरकला, तर गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करा. रेडिएटरचं झाकण मात्र गरम असताना मुळीच उघडू नका. दाबाखालचं उकळतं कूलंट अंगावर उडतं. कोंडीत तापणारी आणि महामार्गावर वारा लागताच निवणारी गाडी बहुधा पंख्याची तक्रार सांगते. वेगातही तापत असेल, तर कूलंटची पातळी, रेडिएटर, थर्मोस्टॅट, वॉटर पंप पाहावा लागतो. म्हणूनच वसई फाटा असो वा विरार, ‘गाडी तापते कधी?’ हे आधी विचारणारा मेकॅनिक मला भरवशाचा वाटतो. न तपासता ‘हेड गॅस्केट गेलं’ म्हणणाऱ्याला इंजिन खोलू देऊ नका. बदललेला जुना पार्ट आणि पक्कं बिल मागून घ्या.