अपराध केवढा, शिक्षा केवढी?

१९६१ सालीं जानेवारीची पहिली तारीख रविवारीं आली. हिंद कन्स्ट्रक्शन अँड एंजिनिअरिंग कंपनीच्या कामगारांना त्या तारखेची सुटी मिळत असे. ती रविवारांत बुडाली, तेव्हां तिच्या बदल्यांत सोमवारीं सुटी मिळावी, असें त्यांचें म्हणणें होतें. कंपनीला तें मान्य नव्हतें. सोमवारीं अकरा कामगार कामावर आले नाहींत. चौकशी झाली, गैरहजेरी शाबीत झाली, आणि अकराहि जणांना कामावरून काढून टाकण्यांत आलें.

कामगार त्या दिवशीं आले नव्हते, यांत वाद नव्हता. एका दिवसाचा पगार कापला असता, कडक ताकीद दिली असती, तर कोणी ब्रहि काढला नसता. पण एका पारड्यांत एक दिवस आणि दुसऱ्या पारड्यांत सगळी नोकरी, असें हें माप होतें. प्रकरण औद्योगिक न्यायाधिकरणापुढें गेलें, तेथून सर्वोच्च न्यायालयांत गेलें. कामगारांना परत घ्यावें हा न्यायाधिकरणाचा हुकूम तेथेंहि टिकला, आणि १९६५ सालच्या निकालसंग्रहांत तो आज वाचावयास मिळतो.

या निकालाचें महत्त्व कळण्यास थोडें मागें जावें लागतें. करारविषयक जुन्या कायद्याच्या दृष्टीनें धनी आणि चाकर हे दोन सारखे पक्षकार. धन्यानें चाकरास अन्यायानें काढलें, तर नुकसानभरपाई मिळेल. नोकरी परत मिळणार नाहीं. कारखान्यांतील माणसाला हा न्याय पुरेना. म्हणून १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याखालीं जीं न्यायाधिकरणें आलीं, त्यांनीं कामगारास पुन्हां कामावर घेण्याचे हुकूम द्यावयास सुरुवात केली. पण ही सत्ता कोठवर चालावी? १९५८ सालीं इंडियन आयर्न अँड स्टील कंपनीच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें तिला कुंपण घातलें. मालकाचा हेतु शुद्ध नसेल, सूडबुद्धि किंवा अनुचित प्रथा दिसत असेल, चौकशींत नैसर्गिक न्यायाचें तत्त्व मोडलें असेल, अथवा निष्कर्ष निखालस निराधार असेल, तरच न्यायाधिकरणानें हात घालावा. मालकाच्या निर्णयावर अपील ऐकणारें न्यायालय होऊन बसूं नये. म्हणजे चौकशी यथासांग झाली आणि अपराध ठरला, कीं शिक्षा किती द्यावयाची हा प्रश्न मालकाचा.

हिंद कन्स्ट्रक्शनच्या निकालानें या कुंपणांत एक फट शोधली. कोणताहि समंजस मालक देणार नाहीं इतकी भयंकर शिक्षा दिली गेली, तर ती शिक्षाच सूडबुद्धीचा पुरावा मानतां येईल, असें न्यायालयानें सांगितलें. युक्ति चतुर खरी, पण आडवळणाची. शिक्षा जास्त झाली एवढें म्हणण्यासाठीं मालकाला दुष्ट ठरवावें लागे. आणि पुष्कळ मालक दुष्ट नसतात, नुसते रागीट असतात.

ही अडचण १९७१ सालीं संसदेनें दूर केली. नोकरीवरून काढलेल्या माणसास तटस्थ मंडळापुढें दाद मागतां यावी, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनें १९६३ सालींच केली होती. तिला अनुसरून मूळ कायद्यांत ११-अ हें कलम घालण्यांत आलें व १५ डिसेंबर १९७१ पासून तें अमलांत आलें. बडतर्फी न्याय्य वाटली नाहीं, तर समोरच्या कागदपत्रांच्या आधारें ती रद्द करावी, योग्य अटींवर कामगारास परत घ्यावें, किंवा सौम्य शिक्षा द्यावी, असा अधिकार न्यायाधिकरणास मिळाला. १९७३ सालीं फायरस्टोन कंपनीच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें या बदलाचा अर्थ स्पष्ट केला: पूर्वीं मालकाचें समाधान झालें कीं पुरे होतें, आतां न्यायाधिकरणाचें समाधान झालें पाहिजे. त्याच सुमारास महाराष्ट्राच्या कायद्यानेंहि किरकोळ किंवा तांत्रिक स्वरूपाच्या गैरवर्तनाबद्दल, अपराधाचें स्वरूप व मागील नोकरीचा इतिहास न पाहतां, धक्कादायक शिक्षा देणें ही अनुचित प्रथा ठरविली. १९४७ चा तो कायदा २१ नोव्हेंबर २०२५ रोजीं मागें पडून त्याच्या जागीं २०२० ची औद्योगिक संबंध संहिता आली. तरी शिक्षा तपासण्याचा हा अधिकार संहितेनें कायम ठेवला आहे.

अधिकार मिळाला, पण माप कोणतें लावावयाचें? खरी कसोटी येथेंच लागते. १९८२ सालीं उत्तर प्रदेशांतील एका कामगाराचें प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढें आलें. वरिष्ठाशीं बोलतांना त्याची जीभ सुटली होती. परंतु मागची चौदा वर्षांची नोकरी निष्कलंक होती. न्यायालयानें बडतर्फी रद्द केली व दोन वेतनवाढी रोखण्याची शिक्षा दिली. पुढें २००५ सालीं महिंद्र अँड महिंद्र कंपनीच्या खटल्यांत अपराध तसाच, वरिष्ठाला शिवीगाळ केल्याचा, होता. या वेळीं बडतर्फी कायम झाली. ११-अ कलमानें दिलेला अधिकार मन मानेल तसा वापरण्यासाठीं नाहीं. शिक्षा सौम्य करावयाची तर तिला सबळ कारण दाखविलें पाहिजे, असें न्यायालयानें बजावलें. दोन्ही प्रसंगांतील शब्द सारखे नव्हते, हें खरें. तथापि तेवीस वर्षांत कलमाचें एक अक्षर बदललें नसतां न्यायासनाचा कल मात्र बदलला होता, हें मान्य करणें भाग आहे.

त्याच वर्षीं पुण्याच्या भारत फोर्ज कारखान्यांतील एका मदतनिसाच्या प्रकरणाचा निकाल लागला. १९८३ च्या ऑगस्टमध्यें, सकाळीं साडेअकराच्या पुढें, तो कामाच्या जागीं गाढ झोंपलेला आढळला होता. झोंप लागणें हा कांहीं दरोडा नव्हे, असें कोणालाहि वाटेल. कामगार न्यायालयालाहि बडतर्फीची शिक्षा फार वाटली होती. परंतु त्याच्या नांवावर पूर्वींचे तीन अपराध होते आणि तिन्ही वेळां तो सौम्य शिक्षेवर सुटला होता. सर्वोच्च न्यायालयानें हा इतिहास विचारांत घेऊन बडतर्फी योग्य ठरविली. मागील नोकरीची वही अशी दोन्ही बाजूंनीं बोलते: चौदा स्वच्छ वर्षें एकाला तारतात, तीन जुने डाग दुसऱ्याला बुडवितात.

पैशाच्या अपराधांत मात्र न्यायालय बहुधा दया दाखवीत नाहीं. प्रवाशाकडून भाडें घेऊन तिकीट न देणारा बसचा वाहक घ्या. रक्कम कांहीं रुपयांची असते. सामान्य माणसाला वाटतें, एवढ्याशा पैशासाठीं संसार उघड्यावर टाकावा काय? पण वाहकाच्या हातीं दिवसभर दुसऱ्याचा पैसा असतो आणि त्याच्यावर पहारा कोणाचाच नसतो. रक्कम लहान म्हणून अपराध लहान होत नाहीं, गेला तो विश्वास, असें सर्वोच्च न्यायालयानें वारंवार म्हटलें आहे.

सरकारी नोकरांना हा कामगारांचा कायदा सहसा लागत नाहीं. त्यांच्यासाठीं १९९५ च्या निकालानें वेगळी रेषा आखली: शिक्षा न्यायालयाच्या सदसद्विवेकबुद्धीला धक्का देणारी असेल, तरच तींत हात घालावा. असा धक्का बसतो, तो कधीं? जेवण घेण्याचा हुकूम नाकारल्याबद्दल एका सैनिकाला एक वर्षाची सक्तमजुरी आणि वर बडतर्फी मिळाली होती. १९८७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती रद्द केली. शिस्तीचें माहेरघर असलेल्या सैन्यांतहि प्रमाण सुटलेली शिक्षा टिकली नाहीं.

राहतो तो काळाचा प्रश्न. पुण्याच्या त्या मदतनिसाची झोंप १९८३ ची आणि अखेरचा निकाल २००५ चा. मध्यें बावीस वर्षें गेलीं. निकाल विरुद्ध गेला म्हणून तेथें भरपाईचा प्रश्न उरला नाहीं. पण जो जिंकतो त्याच्या घरांत मधल्या वर्षांत चूल कशावर पेटली? २०१३ सालीं महाराष्ट्रांतील एका शिक्षिकेच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाला हाच प्रश्न सोडवावा लागला. तिला काढणें बेकायदा ठरलें होतें, पण मधल्या काळाचा पगार उच्च न्यायालयानें नाकारला होता. तो पूर्ण द्यावा, असें सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें. अन्यायानें काढलेल्या माणसास नोकरीबरोबर मागील पगारहि मिळणें हा सर्वसाधारण नियम होय. आपणांस दुसरीकडे तशी कमाई नव्हती, एवढें त्या माणसानें सांगावें. ती होती असें मालकाचें म्हणणें असेल, तर तें शाबीत करण्याचा भार मालकावर राहील.