घातांक आधी, अंक मागाहून



दोन संख्यांपैकी मोठी कोणती, हा प्रश्न पहिलीतल्या मुलाचा, असे वाटून आपण हसाल. परंतु प्रोटॉनचे वस्तुमान १.६७ गुणिले दहाचा उणे २७ वा घात इतके किलोग्रॅम, आणि इलेक्ट्रॉनचे ९.११ गुणिले दहाचा उणे ३१ वा घात, असे फळ्यावर लिहिले, म्हणजे भलेभले ९.११ कडे बोट दाखवितात. वस्तुतः प्रोटॉन सुमारे १,८३६ पट जड आहे!

या लेखनाचे मर्म असे की, संख्येचे दोन भाग करावयाचे. पहिला भाग एकाहून कमी नाही व दहाच्या आत. दुसरा भाग दहाचा घात. पहिला भाग कितीही वाढला तरी त्याला दहाचे कुंपण ओलांडता येत नाही. म्हणून तुलनेत प्रथम घातांक पाहावा. ते सारखे निघाले तरच पहिल्या अंकाकडे वळावे. उणे घातांकांनी मात्र गोंधळू नये. २७ रुपयांचा कर्जदार ३१ रुपयांच्या कर्जदारापेक्षा बरा, तसाच उणे २७ हा उणे ३१ हून मोठा.

‘किती पट?’ हेही सोपे आहे. सूर्याचे वस्तुमान १.९९ गुणिले दहाचा ३० वा घात किलोग्रॅम, पृथ्वीचे ५.९७ गुणिले दहाचा २४ वा घात. पहिल्या अंकांचा भागाकार एक तृतीयांश. घातांकांची वजाबाकी सहा. दहा लाखांचा तिसरा हिस्सा, म्हणजे सूर्य सुमारे ३,३३,००० पट जड.

ही दृष्टी आपल्याला परकी नाही. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त एकापासून परार्धापर्यंत १८ स्थानांची नावे आहेत, प्रत्येक स्थान आधीच्याच्या दसपट, आणि परार्ध म्हणजे दहाचा १७ वा घात. एकं, दहं, शतं घोकताना आम्ही घातांकच घोकत होतो! पण नावे पाठ झाली तरी त्यांतले अंतर मनात उतरतेच असे नाही. एक लाख सेकंद म्हणजे सुमारे २८ तास; एक कोटी सेकंद म्हणजे सुमारे ११६ दिवस; आणि एक अब्ज सेकंदांना ३१ वर्षांहून अधिक काळ लागतो.

हा केवळ बुद्धीचा खेळ नव्हे. ५०० मायक्रोग्रॅम हा आकडा २ मिलिग्रॅमपेक्षा मोठा दिसतो. पण पहिला ५ गुणिले दहाचा उणे ४ था घात, दुसरा २ गुणिले दहाचा उणे ३ रा घात इतके ग्रॅम. म्हणजे दुसरी मात्रा चौपट! थायरॉईडच्या गोळ्यांची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये लिहितात. ती कोणी मिलिग्रॅम म्हणून वाचली, तर औषध हजारपट होईल. पहिल्या अंकात ५ चे ६ झाले तर चूक पाचव्या हिश्श्याची. घातांकात एकाचाही फरक झाला तर दसपटीची.

म्हणून श्रोतेहो, मोठा आकडा समोर आला की आपण त्याच्या पहिल्या अंकाने दिपून जाऊ नये. तो कोणत्या घरात बसला आहे, हे आधी विचारावे.