माझं मत रानपिंगळ्याला



आमच्या पक्षीनिरीक्षक मंडळींत सध्या एक निवडणूक रंगली आहे. तुमचं सगळ्यांत लाडकं घुबड कोणतं? मोबाईलवर फोटो बघायचे, एकावर बोट टेकवायचं, झालं मतदान. बदामी चेहऱ्याचं गव्हाणी घुबड आघाडीवर आहे. शेतातल्या उंदरांचा फडशा पाडणारा हा पक्षी, त्याला मतं मिळणारच. नारिंगी डोळ्यांच्या शृंगी घुबडाचा प्रचारही जोरात आहे. दिसला की अपशकुन म्हणून ज्याला दगड मारतात, अघोरी पूजेसाठी ज्याला पकडून विकतात, त्या पक्ष्यासाठी माणसं हौसेनं वाद घालताहेत, याचा मला मनापासून आनंद होतो.

माझं मत मात्र रानपिंगळ्याला.

दिसायला तो आपल्या गावातल्या पिंगळ्यासारखाच, साळुंकीएवढा. पण नीट निरखून बघा. पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात. रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ कोरा, करडा-तपकिरी. डोकं आणि चोच थोराड. छातीवर तपकिरी रंग गडद, पाय पांढऱ्या पिसांनी भरलेले, शेपटीवर रुंद पट्टे. आणि मुख्य म्हणजे हे घुबड दिवसा वावरतं. सकाळच्या उन्हात उघड्या फांदीवर बसून शेपटी झटकत खालच्या पाचोळ्यातल्या सरड्यावर, सापसुरळीवर नजर ठेवतं.

१८७२ साली ब्लेविट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला आजच्या छत्तीसगडात याचा पहिला नमुना मिळाला. पुढच्याच वर्षी ॲलन ह्यूम यांनी त्याची शास्त्रीय नोंद केली. तेच ह्यूम, ज्यांचं नाव आपण काँग्रेसच्या स्थापनेच्या धड्यात वाचतो. १८८४पर्यंत खानदेशातून आणखी काही नमुने गोळा झाले आणि मग सगळं शांत. सलीम अली आणि डिलन रिप्ली यांच्यासारख्या पक्षीतज्ज्ञांनी शोधूनही तो सापडला नाही. नामशेष झाला, असंच बहुतेकांनी धरलं.

मधे एकच नोंद होती, १९१४ची, गुजरातेतल्या मांडवीची. ती केली होती रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यानं. अमेरिकेतल्या पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो नमुना बारकाईनं तपासला, तेव्हा लबाडी उघडी पडली. संग्रहालयातून चोरलेला जुना खानदेशी पक्षी उसवून, नव्यानं शिवून, त्याला खोटी चिठ्ठी लावलेली होती! एका माणसाच्या खोटेपणानं पक्ष्याचा शोध चुकीच्या दिशेला जावा, याचा मला आजही संताप येतो.

ती नोंद बाजूला सारून रासमुसेन आणि त्यांचे सहकारी बेन किंग व डेव्हिड ॲबट खऱ्या नोंदींच्या मागावर निघाले. आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी, सकाळच्या वेळी, शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांना रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी! आपल्या आजच्या नंदुरबार जिल्ह्यात! तिथल्या जंगलात राहणाऱ्यांना तो त्याआधीही दिसत असणार, पण त्यांना विचारायला कोण गेलं होतं?

नंतर तो तोरणमाळला, यावलला, मेळघाटात सापडला. २०१४मध्ये तर मुंबईला पाणी देणाऱ्या तानसा तलावाच्या जंगलातही दिसला. तरीही त्याची गणना आज संकटग्रस्त पक्ष्यांत होते. त्याला लागतं सागाचं मोकळं, पानगळीचं जंगल आणि घरट्यासाठी जुन्या झाडाची ढोली. जंगल तोडून शेती वाढते, वणवे लागतात, आणि वाळकं झाड निरुपयोगी म्हणून आधी तोडलं जातं. त्या झाडाबरोबर रानपिंगळ्याचं घरच जातं.

म्हणून मित्रहो, आमच्या निवडणुकीत भाग घेणार असाल तर हे नाव लक्षात ठेवा. आणि त्याला प्रत्यक्ष पाहायचं असेल तर हिवाळ्यात सकाळी मेळघाटात जा, वनखात्याचा माहीतगार वाटाड्या बरोबर घ्या. मोबाईलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका. ते विणीचे दिवस असतात, आणि आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असं समजून तो ढोली सोडून भांडायला येतो. सागाची पानं झडत आली की वरच्या फांद्या एकेक करून बघत चला. तो तिथेच कुठेतरी बसलेला असतो.