कंटाळा आणि कंटाळवाणा

मराठी घरात वाढणाऱ्या मुलाच्या तोंडी जी विशेषणे फार लवकर बसतात, त्यांत ‘कंटाळवाणा’ हे एक होय. शब्द अगदी रोजच्या व्यवहारातला. त्याच्यासाठी कोश उघडण्याची पाळी सहसा कोणावर येत नाही. परंतु महाराष्ट्राबाहेर, शाळेत इंग्रजी आणि अंगणात हिंदी बोलणाऱ्या आपल्या मुलांच्या तोंडून कधीकधी एक वाक्य निघते: ‘आज मी फार कंटाळवाणा झालो.’ या वाक्यात लिंग चुकलेले नाही, वचन चुकलेले नाही, क्रियापदही जागच्या जागी आहे. चुकला आहे तो अर्थ. मुलाला सांगावयाचे असते, ‘मला कंटाळा आला.’ प्रत्यक्षात तो सांगतो, ‘माझ्या सहवासाचा आज लोकांना कंटाळा आला.’

श्रोतेहो, हा घोटाळा का होतो ते पाहण्यासारखे आहे. कंटाळा ज्याला येतो तो एक आणि ज्याचा येतो ते दुसरे. या दोहोंसाठी इंग्रजीत एकाच धातूची दोन जुळी विशेषणे आहेत. मराठीची रीत निराळी. मराठी माणसाला कंटाळा ‘येतो’. जशी झोप येते, राग येतो, आठवण येते. तो बाहेरून चालत येणारा पाहुणा आहे. म्हणून वाक्यात मनुष्य ‘मला’, ‘तिला’, ‘बाबांना’ असा चतुर्थीत उभा राहतो आणि कर्तेपण कंटाळ्याकडे जाते. क्रियापद वापरावयाचे असेल, तर ‘मी कंटाळलो’, ‘ती कंटाळली’. आणि त्यावरून विशेषण करावयाचे, तर ‘कंटाळलेला’. तेव्हा भाषण कंटाळवाणे असते, श्रोता कंटाळलेला असतो. ‘लाजिरवाणा’ या शब्दाचेही असेच आहे. प्रसंग लाजिरवाणा असतो. त्या प्रसंगी मान खाली घालणारा मनुष्य लाजिरवाणा नसतो.

आता विभक्तीकडे वळू. कंटाळा ‘चा’ प्रत्यय मागतो आणि कंटाळणे ‘ला’ मागते. ‘कामाचा कंटाळा आला’, परंतु ‘कामाला कंटाळलो’. हिंदीच्या सहवासाने ‘कामापासून कंटाळलो’ असे म्हणण्याचा मोह होतो, तो टाळावा. त्याचप्रमाणे कंटाळा येणे आणि कंटाळा करणे यांतही अंतर आहे. ‘त्याला अभ्यासाचा कंटाळा येतो’ ही तक्रार अभ्यासाविषयी असू शकेल. ‘तो अभ्यासाचा कंटाळा करतो’ ही तक्रार नि:संशय मुलाविषयी आहे. एका क्रियापदाच्या फरकाने दोष एकाच्या पदरातून दुसऱ्याच्या पदरात जातो.

रूपांचा नियम सोपा आहे. मराठीत आकारान्त विशेषणे सामान्यत: विकारी असतात, विशेष्याप्रमाणे ती बदलतात. प्रवास कंटाळवाणा, बैठक कंटाळवाणी, व्याख्यान कंटाळवाणे. अनेकवचनी कंटाळवाणे प्रवास, कंटाळवाण्या बैठकी, कंटाळवाणी व्याख्याने. विशेष्याला प्रत्यय लागला, की तिन्ही लिंगी एकच रूप: कंटाळवाण्या प्रवासात, कंटाळवाण्या बैठकीला, कंटाळवाण्या व्याख्यानाने. उलट ‘रटाळ’ आणि ‘नीरस’ ही विशेषणे अविकारी. ती कोणासाठीही रूप पालटत नाहीत. हा विषय ज्यांना मुळातून पाहावयाचा असेल, त्यांनी मोरो केशव दामले यांचे १९११ साली प्रसिद्ध झालेले ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ अवश्य पाहावे.

तथापि केवळ रूप साधले म्हणजे शब्द साधला असे नव्हे. इंग्रजीतील ज्या एका विशेषणाने निस्तेजपणाचे सारे प्रकार उरकले जातात, त्याच्या जागी मराठी वस्तूगणिक वेगळा शब्द योजते. सुरी बोथट होते; ती मंद होत नाही. आभाळ भरून आले आणि वारा पडला, की हवा कुंद. तडा गेलेल्या मडक्याचा आवाज बद्द. धुऊन धुऊन उतरलेला रंग फिका, मीठ विसरलेली आमटी अळणी, चव नसलेला रस्सा सपक, बाजारातील थंडपणा म्हणजे मंदी. तापातून उठलेले मूल मलूल. उन्हात पाणी न मिळालेले रोप तेही मलूल. आणि ‘मंद’ हा शब्द तर सर्वस्वी शेजाऱ्यावर अवलंबून. मंद वारा सुखाचा, समईचा मंद प्रकाश प्रसन्न. बुद्धीपुढे येऊन बसला, की तोच शब्द दूषण ठरतो.

येथे ही चर्चा व्याकरणाच्या बाहेर पडते. शाळेच्या प्रगतिपुस्तकात किंवा कचेरीतील गोपनीय अहवालात शेऱ्यासाठी जागा मोजकीच असते आणि तेथे बहुधा एकच विशेषण मावते. मागच्या बाकावर खिडकीकडे पाहत बसलेला मुलगा मलूल असेल, म्हणजे त्याला वैद्याची गरज आहे. तो कंटाळलेला असेल, म्हणजे कदाचित धडा त्याला फार सोपा आहे. धडाच कंटाळवाणा असेल, तर विचार शिक्षकाने करावयाचा. परंतु या तिन्ही मुलांपुढे ‘मंद’ असा शेरा पडला, तर तिघांचेही नुकसान झाले आणि चौकशीची वाट बंद झाली. कारकुनाचेही तेच. वर्षानुवर्षे एकच नोंदवही भरणारा मनुष्य निरुत्साही दिसतो. काम पालटून दिल्यावाचून तो मुळातच तसा आहे, असे कसे म्हणावे? शेरा लिहिणारा विसरून जातो. ज्याच्यावर तो लिहिला जातो त्याच्याबरोबर तो पुढे चालत राहतो. ‘मंदबुद्धी’ हा शब्द एके काळी सरकारी कागदांतही सर्रास वापरला जाई. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या अधिनियमात त्या जागी ‘बौद्धिक दिव्यांगता’ ही संज्ञा आहे. कायद्याला जी काळजी घ्यावीशी वाटली, ती आपण घरात आणि वर्गात का घेऊ नये?

म्हणून माझी सूचना एवढीच, की निवाडा देणारे विशेषण उच्चारण्यापूर्वी ‘मला’ने सुरू होणारे वाक्य एकदा योजून पाहावे. ‘हे पुस्तक कंटाळवाणे आहे’ असे म्हणताना आपण पुस्तकाचा निकाल लावतो आणि त्याला कारणे द्यावी लागतात. ‘मला या पुस्तकाचा कंटाळा आला’ असे म्हणताना आपण स्वत:ची स्थिती सांगतो. ती सांगण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे, आणि उद्या ती पालटूही शकेल. दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत. प्रश्न आहे तो त्यांतले खरे कोणते याचा. आजच्या या भाषणाविषयी दोहोंपैकी कोणते वाक्य लागू पडते, ते ठरविण्याचे काम मी श्रोत्यांवर सोपवितो.