अक्षरांचा घाट

जपानमध्ये शाळेतील माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला 'दोसोकाई' म्हणतात, आणि शरदात असे वर्गमित्र कधी बसने 'मोमिजीगारी'ला, म्हणजेच लाल-पिवळी झालेली पाने पाहण्याच्या सहलीला, निघतात. त्यासाठी निक्को येथील इरोहाझाका घाटाइतके समर्पक ठिकाण क्वचितच सापडेल. कारण चढणीच्या आणि उतरणीच्या दोन एकेरी रस्त्यांवर मिळून 48 वळणे असून, 'इरोहा' या जुन्या वर्णक्रमातील एकेक अक्षर प्रत्येक वळणावरील फलकावर लिहिलेले आहे, ज्यांपैकी पहिली 20 अक्षरे चढताना आणि उरलेली 28 उतरताना भेटतात. ऑक्टोबरअखेरीस तेथे वाहनांची लांबलचक रांग लागते, त्यामुळे साठीतल्या प्रवाशांनाही मुळाक्षरे पुन्हा सावकाश गिरवावी लागतात.