नाव माहेरच्या कागदावर, घाम सासरच्या रानात



आपल्याकडची बरीच मुलंमुली डॉक्टरकी शिकायला किर्गिझस्तानला जातात. "कुठं आहे हो तो देश?" असं विचारलं, की "तिकडं रशियाकडं" एवढंच उत्तर मिळतं. आज आम्ही त्याच देशाबद्दल बोलणार आहोत. कॉलेजाबद्दल मात्र नाही, तिथल्या खेड्यातल्या बाईबद्दल आणि तिच्या जमिनीबद्दल. ऐकता ऐकता तुम्हाला आपला सातबारा आठवेल, म्हणूनच हा विषय घेतला.

किर्गिझस्तान हा डोंगरांचा देश. पिकाऊ जमीन अगदी थोडी, बाकी बर्फाची शिखरं आणि उन्हाळ्यात जनावरं चारायची कुरणं. लोक पूर्वी मेंढ्या-घोडे घेऊन फिरणारे होते. पुढे हा मुलूख सोव्हिएत संघात गेला आणि तिथं कम्युनिस्ट राजवट आली. खाजगी शेती राहिली नाही. गावाची जमीन आणि कळप एकत्र करून मोठी सामुदायिक शेतं केली. त्यांना कोलखोज म्हणत. बाया-पुरुष सगळे तिथं कामाला जात.

त्या राजवटीत मोकळेपणानं बोलायची सोय नव्हती, हे आधीच सांगायला हवं. पण बायांच्या पदरात काही पडलंही होतं. मुली शाळेत गेल्या. बाया शिक्षिका, नर्स, हिशेबनीस झाल्या. मुलांना ठेवायला पाळणाघर होतं, दवाखाना होता, म्हातारपणी पेन्शन होतं. तरी शेताचा अध्यक्ष बहुतेक ठिकाणी पुरुषच असायचा, आणि कामावरून आल्यावर चूल बाईचीच असायची. ही गोष्ट तुम्हाला काही वेगळी समजावून सांगायला नको.

1991 साली सोव्हिएत संघ मोडला आणि किर्गिझस्तान स्वतंत्र झाला. मॉस्कोहून येणारा पैसा थांबला. कारखाने बंद पडले. भाव इतके भडकले, की साठवलेल्या पैशांची किंमतच उरली नाही. 1993 साली देशानं स्वतःचं नाणं काढलं, त्याचं नाव सोम. देशात जवळपास 1 कोटी मेंढ्या-शेळ्या होत्या, त्या काही वर्षांतच निम्म्याहून कमी झाल्या. पगाराऐवजी मेंढ्या मिळाल्या, मग पोटासाठी त्या विकल्या, कापल्या. आणि खेड्यातली बहुतेक पाळणाघरं बंद झाली. सरकारच्या हिशेबात ती खर्चाची बचत होती. घरात मात्र ते काम कुणाच्या अंगावर आलं असेल, हे तुम्हीच सांगा.

मग सामुदायिक शेतं मोडून जमीन वाटायची ठरली. हे वाटप कसं केलं, ते नीट ऐका. पिकाऊ जमिनीतला मोठा भाग गावातल्या माणसांना वाटला. घरातलं प्रत्येक माणूस मोजलं, पुरुष, बाई आणि लेकरूसुद्धा. उत्तरेकडं वाटा मोठा आला, दक्षिणेत वस्ती दाट म्हणून अगदी छोटा. पण बाईला पुरुषाइतकाच. 1998 साली जमिनीची खाजगी मालकीही मान्य झाली. कागदावर यापेक्षा चांगलं काय असणार?

घोळ झाला तो कागद निघताना. कागद निघाला कुटुंबाचा, बहुतेक घरच्या कर्त्या पुरुषाच्या नावानं. बाकीच्यांची नावं त्यात सभासद म्हणून. मुलगी लग्न होऊन सासरी गेली, तिचा वाटा माहेरच्या शेतात राहिला. तो मागायचा कसा? भावाच्या रानातून तुकडा तोडून घेतला तर माहेर तुटेल, ही भीती. बरं, सासरी तिच्या नावचं काही नाही, कारण वाटप झालं तेव्हा ती त्या घरात नव्हतीच. तिथं सुनेला केलिन म्हणतात. केलिन पहाटे सगळ्यांच्या आधी उठते, राबते, पण ज्या मातीत राबते तिथं तिचं नाव नाही. तिथल्या रिवाजाप्रमाणं धाकटा मुलगा आईवडिलांजवळ राहतो आणि घर त्याला मिळतं. कायदा मुलगा-मुलगी समान म्हणतो, रिवाज धाकट्या मुलाला देतो.

नवऱ्यानं टाकलं, तर ही गोष्ट फार महाग पडते. धार्मिक विधीनं झालेल्या लग्नाची सरकार दरबारी नोंद नसेल, तर बायकोचा हक्कच सिद्ध होत नाही. भांडण पुष्कळदा गावातल्या वडीलधाऱ्यांच्या न्यायमंडळापुढं जातं. त्या मंडळींना अक्साकाल म्हणतात. त्याचा अर्थच पांढरी दाढी!

आज तिथल्या लाखो माणसांचं पोट रशिया आणि कझाकस्तानातल्या मजुरीवर चालतं. काही वर्षं तर बाहेरून आलेला पैसा देशाच्या एकूण उत्पन्नाच्या जवळपास 30 टक्के होता. आईबाप दोघंही परदेशी आणि नातवंडं आजीजवळ, अशी घरं खेडोपाडी आहेत. मागे राहिलेल्या बाया आपल्यासारखेच गट करून, एकमेकींना जामीन राहून कर्ज काढतात. तारण द्यायला जमीन स्वतःच्या नावावर नसते, म्हणून मैत्रिणीचा शब्द तारण द्यावा लागतो.

राजकारणाचं म्हणाल, तर 2005 आणि 2010 साली लोकांनी रस्त्यावर येऊन राष्ट्राध्यक्ष घालवले. 2010 साली रोझा ओतुनबायेवा राष्ट्राध्यक्ष झाल्या, मध्य आशियातली त्या पदावरची पहिली बाई. 2011 साली त्यांनी शांतपणे सत्ता पुढच्याच्या हाती दिली. पण वर बाई बसली म्हणून खाली गावातला कागद बदलला नाही. 2019 साली मात्र एक कायदा झाला. गावच्या पंचायतीत, म्हणजे आयिल केनेशमध्ये, 30 टक्के जागा बायांसाठी राखल्या गेल्या. 2021 च्या निवडणुकीत बायांनी एक तृतीयांशाहून जास्त जागा घेतल्या. आता पाण्याच्या पाटाचं, कुरणाचं, बालवाडीचं बोलणं जिथं होतं, तिथं त्या बसल्या आहेत.

मैत्रिणींनो, एखाद्या मुलखाचं राजकारण समजून घ्यायचं, तर राजधानीतले झेंडे पाहून भागत नाही. आम्ही तीन प्रश्न विचारायला शिकलो. कागदावर नाव कुणाचं? लेकरं कोण सांभाळतं? आणि भांडण मिटवायला कोण बसतं? राजवट बदलली, तरी या तिन्हींची उत्तरं आपोआप बदलत नाहीत.

हेच प्रश्न आपल्या गावाला विचारून पाहा. आपल्याकडं 2005 च्या कायद्यानं वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. 2005 साली वडील हयात नसले, तरी तो हक्क मिळतो, हे 2020 साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं. मग आपण काय करतो? दिवाळीला माहेरी जातो, साडी-चोळी घेतो आणि भावानं पुढं केलेल्या हक्कसोडपत्रावर सही करून येतो. वाचतसुद्धा नाही. भावाशी वाकडं घ्या, असं आम्ही म्हणत नाही. हिस्सा सोडायचा की ठेवायचा, हे तुमचं तुम्ही ठरवा. पण ठरवा! आधी सातबारा आणि फेरफार काढा, कागद कुणाकडून तरी वाचून घ्या, दोन दिवस विचार करा. सोडायचाच असेल, तर तो किती गुंठे आहे हे कळल्यावर सोडा.

तिकडची केलिन आणि इकडची सून एकमेकींना कधी भेटणार नाहीत. पण दोघींच्या हातांना घट्टे सारखेच आहेत. येत्या बैठकीत गटातल्या प्रत्येकीनं एवढंच सांगावं : कोणत्या कागदावर माझं नाव आहे? उत्तर "रेशनकार्डावर" एवढंच आलं, तर आपल्याला बरंच काम आहे असं समजा.